बांधाईची ओटी

फार वर्षांपूर्वी, दांडखारच्या खाडीला अजून कुणी लगाम घातला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावापुढे भाताची खाचरं होती, खाचरांपुढे मातीचा लांबलचक बांध होता आणि बांधापलीकडे खाडी होती. बांध होता म्हणून भात होतं आणि भात होतं म्हणून गाव होतं. बांधाला खांड पडली, म्हणजे तो कुठं फुटला, की खारं पाणी खाचरांत शिरायचं, आणि मग तीन वर्षं तिथं धड गवतसुद्धा उगवायचं नाही.

गावातली माणसं दर उन्हाळ्यात बांधावर माती टाकायची. घरटी एक माणूस यायचा, चिखलाच्या पाट्या ओतायचा आणि जेवायला घरी जायचा. ओतलेली माती तशीच सैल राहायची. पावसाळ्यात खाडी ती चाटून न्यायची. असं म्हणतात, एका वर्षी बांध सात ठिकाणी फुटला. तेव्हा हिरू पाटलानं घाटावर निरोप धाडला आणि मातीकाम करणारी माणसं बोलावली.

ती माणसं दूर तेलंगणातून आली होती. पंधरा गाढवं, तेवढीच बिऱ्हाडं. त्यांच्यात नरसव्वा नावाची एक बाई होती. वय असेल वीस वर्षांचं. अंगानं बारीक, पण पायाचे तळवे रुंद. तिचा नवरा राजय्या माती खणायचा आणि ती ती माती तुडवायची. त्या लोकांची रीतच तशी होती. वीतभर मातीचा थर घालायचा, सगळ्या बायकांनी एका ओळीत उभं राहायचं, गाणं म्हणत पायांनी तो थर दाबायचा, आणि मातीतून पाणी निघायचं थांबलं की मगच पुढचा थर घालायचा. गाण्याची ओळ अशी होती:

तोक्कू तोक्कू मन्नू, इल्लू मनदी कादू, अडुगू मनदी.

गावाला त्यातलं काही कळत नव्हतं. गाव बांधावर बसून ऐकायचं आणि हसायचं.

सहा खांडी बुजल्या. सातवी सगळ्यांत खोल होती. ती बुजवताना राजय्या तळाशी उतरला आणि बाजूची ओली माती त्याच्यावर ढासळली. वर भरतीचं पाणी चढत होतं. नरसव्वा हातांनी माती उकरायला लागली. तिचा भाऊ मल्लय्या खोरं घेऊन धावला. पण हिरू पाटील मध्ये उभा राहिला.

"आता उकरलं तर बुजल्या त्या सहाही खांडी परत फुटतील," तो म्हणाला. "तो काय आता जिवंत नाय. माती टाका."

माती टाकली गेली. तिच्या माणसांनीच टाकली, कारण ती टाकायलाच त्यांना बोलावलं होतं. आणि त्या वर्षी पहिल्यांदा बांध टिकला. गावातली माणसं एकमेकांना हळूच म्हणाली, "बांधाला माणूस लागतोच. परका गेला, बरं झालं."

हे नरसव्वाला ऐकू गेलं होतं. तिला तेव्हा गावाची भाषा येत नव्हती. पण काही वाक्यं समजायला भाषा लागत नाही.

काम संपलं आणि तिची माणसं गाढवांवर संसार लादून निघाली. नरसव्वा जागची हलली नाही. मल्लय्यानं हात धरून ओढलं, तरी नाही. "माझा माणूस या बांधात आहे," ती म्हणाली, "त्याला टाकून कुठं येऊ?" तिला तेव्हा तिसरा महिना लागला होता. मल्लय्यानं तिच्यासाठी एक कुदळ आणि एक पाटी ठेवली आणि मागं न बघता घाट चढून गेला.

आता हिला ठेवायचं कुठं, असा प्रश्न गावाला पडला. गावठाणात जागा कोण देणार? खाचरात झोपडी बांधली तर ज्याचं खाचर तो बोंब मारणार. शेवटी पाटील म्हणाला, "बांधावर राहू दे. बांध कुणाच्या हद्दीत नाय." तशी ती बांधावर राहिली, राजय्या जिथं होता त्याच्या वर. तिचं नाव गावाच्या तोंडात बसेना, म्हणून गाव तिला बांधाबाय म्हणायला लागलं. गावानं तिला दिलं ते तिच्या जागेचं नाव.

तिथंच तिला मुलगी झाली. सोनाय नावाची गावची धवलारीण होती. धवलारीण म्हणजे लग्नात धवले गाणारी, लग्न लावणारी बाई. ती एकटीच त्या दिवशी गरम पाणी घेऊन बांधावर गेली. मुलीचं नाव मथी ठेवलं तेही तिनंच.

आता नरसव्वानं काय केलं ते ऐका. रोज ओहोटी लागली की ती अनवाणी बांध चालायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाच टेकवायची, थांबायची, पुढं जायची. बांधात खेकडे बिळं करतात. बिळातून पाणी झिरपतं आणि पाणी झिरपलं की वरची माती गार पडते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण तिच्या टाचेला कळायचं. टाच गार पडली की ती तिथं खणायची, पेंढा आणि चिखल कालवून भरायची आणि थरावर थर तुडवायची. असं म्हणतात, अठरा वर्षांत तिची एक ओहोटी चुकली नाही. अठरा वर्षांत दांडखारचा बांध एकदाही फुटला नाही.

गावातल्या बायका आधी तिची चेष्टा करायच्या. विहिरीवर कुणी विचारायचं, "काय गो बांधाबाय, तुज्या देशात मावरं नाय खात? मंग काय माती खातेस?"

"मी नाय माती खात," ती तुटक तुटक सांगायची. "माती खाते आम्हाला."

बायका हसायच्या. हळूहळू ती मावरं, म्हणजे मासळी, खायला शिकली. आधी तिला त्या वासानं मळमळायचं, पुढं सुकटीच्या चटणीशिवाय तिचा घास उतरेना. लुगडं ती गावच्या बायकांसारखं गुडघ्यापर्यंत नेसायला लागली. भरती-ओहोटीची घटका तिला गावच्या म्हाताऱ्यांपेक्षा पक्की सांगता यायची. गावानंही तिच्याकडून घेतलं. उन्हाळ्यात बांधाची डागडुजी असली की गावच्या बायका आता ओळीनं उभ्या राहून माती तुडवायच्या आणि तिचंच गाणं म्हणायच्या. 'तोकू तोकू मनू' म्हणायच्या, अर्थ न विचारता. तिनंही कधी सांगितला नाही. कुणी विचारलंच नाही तर सांगणार कशी?

तिला वाटायला लागलं होतं, की आपण या गावच्या झालो. उघड कधी म्हणाली नाही, पण मथीला झोपवताना ती गावच्याच भाषेत बोलायची. मथीला दुसरी भाषा आलीच नाही.

मथी अठरा वर्षांची झाली, त्या हिवाळ्यात मल्लय्या आणि त्याची माणसं पुन्हा खाडीकडं आली. कुठल्यातरी वरच्या गावात तळं खणायचं काम होतं. नरसव्वा धावत गेली. बोलायला तोंड उघडलं आणि शब्द सापडेनात. सापडले ते दांडखारच्या हेलात बाहेर पडले. पालांतली पोरं खिदळली.

मल्लय्या म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "नरसव्वा, तुझ्या तोंडाला खाडी लागलीय."

तिनं सगळ्यांना झोपडीत जेवायला बोलावलं. सुकट, तांदळाच्या भाकऱ्या. वासानंच बायकांनी तोंडाला पदर लावला. मथीनं गाढवाला वळसा घालून नाक धरलं, तेही सगळ्यांनी बघितलं. जेवण झाल्यावर नरसव्वानं विषय काढला. "मथीला तुमच्यात द्यायचं म्हणते. तुझ्या धाकट्याला."

"आमच्यात ही पोर पंधरा दिवस टिकायची नाही," मल्लय्या म्हणाला. "तिला तिच्या लोकांत दे."

"तिचे लोक कोण?"

"ते मला काय विचारतेस? इथं राहिलीस तू."

दुसऱ्या दिवशी पालं उठली. नरसव्वा बराच वेळ घाटाकडं बघत बसली. मग ओहोटी लागली, म्हणून उठली आणि बांध चालायला गेली.

पुढं खाडीपलीकडच्या कोपरपाड्यातून मथीला मागणी आली. मुलगा होडीवर होता, कष्टाळू होता. मुलाचा बाप बांधावर येऊन बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "पोरगी चांगली. हाताला कामाची. मला हुंडा नको, भांडी नकोत. फक्त एक सांग बाय, हिचं माहेर कुठलं? उद्या नवऱ्याशी भांडून निघाली तर जाईल कुठं? आमच्याकडं कुणी बोट दाखवायला नको, तसं हिच्यामागंही कुणी पाहिजे. दांडखारनं गावओटी भरून द्यावी. माजं तेवढंच मागणं."

गावओटी म्हणजे काय, तेही सांगायला हवं. दांडखारची लेक लग्न होऊन निघाली की वेशीवरच्या दगडापाशी थांबायची. मग घराघरातली बाई यायची आणि तिच्या ओटीत मूठभर तांदूळ घालायची. तांदूळ गावच्याच खाचरातले लागायचे. सगळ्या घरांच्या मुठी पडल्या की ती मुलगी गावची लेक. मग ती म्हातारी होऊन परत आली तरी तिला गावात भाकरी आणि निवारा मिळायचा. तिला कुणी नाही म्हणू शकायचं नाही.

नरसव्वा पाटलाकडं गेली. हिरू पाटील ओसरीवर सुपारी कातरत होता.

"पाटील, माज्या मथीची गावओटी भराल ना?"

"बघू की," पाटील म्हणाला. "गाव काय परकं हाय तुला?"

तेवढ्यावर ती भरून पावली. घरी येईपर्यंत तिनं ते वाक्य मनात दहा वेळा म्हटलं.

वैशाखात बांधावरच मांडव पडला. सोनाय धवलारणीनं धवले गायले, हळद लागली, लग्न लागलं. मथी हिरव्या चुड्यात वेशीवर येऊन दगडापाशी उभी राहिली. शेजारी नवरा, मागं वऱ्हाड. नरसव्वा विधवा म्हणून चार पावलं लांब उभी होती. मथीनं पदर पसरला आणि सगळे वाट बघायला लागले.

कुणी आलं नाही.

उन्हं कलली. वऱ्हाडातली माणसं कुजबुजायला लागली. गावातल्या बायका दारांतून बघत होत्या, कुणाकुणाच्या हातात सूपही होतं. पण देवळापुढं पुरुष बसले होते आणि त्यांची बैठक काही उठत नव्हती. शेवटी नरसव्वाच देवळापाशी गेली.

पाटील तिच्याकडं न बघता म्हणाला, "बांधाबाय, गावओटी गावच्या लेकीची असते. तुजी पोर गावात जन्मलेली नाय, बांधावर जन्मलेली. बांध ना गावात, ना खाडीत."

"बांधावर तुम्हीच ठेवलंत, पाटील."

"ठेवलं, उपकार केले. आज हिची ओटी भरली तर उद्या हिची पोरं खाचरात वाटा मागायला येतील. मामाचं गाव म्हणून."

"एक मूठ तांदूळ," ती म्हणाली. "अठरा वर्षं त्या तांदळापुढं खाडी अडवून उभी हाय मी."

कुणीतरी मागून बोललं, "तू कुठं अडवली? बांधानं अडवली."

देवळापुढं हसू फुटलं. सोनाय तिथंच होती. तिच्या पदराला तिच्या घरचे मूठभर तांदूळ बांधलेले होते. पण ती पुढं झाली नाही. पाटलानं वाळीत टाकलं तर तिला लग्नाला कोण बोलावणार होतं? ती मान खाली घालून उभी राहिली. हे पुढं तिनं स्वतःच सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत.

कोपरपाड्याचं वऱ्हाड नवरीला न घेता होड्यांत बसलं. नवरा मुलगा मात्र किनारा दिसेनासा होईपर्यंत मागं बघत होता.

मथीनं आईला एकच विचारलं, "आये, मी कुठली गो?"

नरसव्वानं तिचा रिकामा पदर तिच्या खांद्यावर नीट घेतला आणि तिला बांधावर घेऊन गेली.

सकाळी मथी झोपडीत नव्हती. चुडा चुलीपाशी काढून ठेवलेला होता. कुणी म्हणतं, ती घाटाच्या वाटेनं गेली. कुणी म्हणतं, बंदरावर एका गलबतात चढताना दिसली. ती परत आली नाही. यायला गावच नव्हतं, तर येणार कुठं?

त्या दिवशी ओहोटी लागली आणि नरसव्वा उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. ती झोपडीच्या दारात बसून राहायची. पाय पुढं पसरलेले असायचे आणि तळवे कोरडे. खेकडे आपलं काम करतच होते.

श्रावणात नारळी पौर्णिमेला गावानं खाडीला नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोठं उधाण आलं. असं म्हणतात, त्या दिवशी पाणी आवाज न करता चढलं. मग जुन्या सातव्या खांडीच्या जागी बांधातून बोटाएवढी धार लागली. बघता बघता ती मनगटाएवढी झाली, मग माणसाएवढी. गाव धावलं. पाट्या ओतल्या, पेंढ्या टाकल्या, दारं उखडून टाकली, एक होडी आडवी घातली. खाडीनं सगळं गिळलं. खाचरांत भात गुडघ्याएवढं उभं होतं.

हिरू पाटील नरसव्वापुढं हात जोडून उभा राहिला. "बांधाबाय, काय तरी कर. गाव तुजं हाय."

असं म्हणतात, ती तेव्हा हसली. अठरा वर्षांत तिला तसं हसताना कुणी बघितलं नव्हतं.

"गावओटी आणा," ती म्हणाली. "घरटी एक मूठ."

लोक पळाले. ज्या घरांतून वैशाखात एक दाणा निघाला नव्हता, त्या घरांतून आता सुपं भरभरून यायला लागली. "एकच मूठ," ती प्रत्येकाला म्हणत होती, "जास्त नको." तिनं पदर पसरला होता. पाटलाच्या बायकोनं मूठ घातली, देवळापुढं हसलेल्यांच्या बायकांनी घातली. शेवटी सोनाय आली. तिच्या पदराची गाठ वैशाखापासून तशीच होती. ती तिनं सोडली आणि मूठ ओटीत घातली.

"हे मथीचं," नरसव्वा म्हणाली, आणि पदराची घट्ट गाठ मारली.

मग ती खांडीत उतरली. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. ती गाणं म्हणत माती तुडवत होती, एक पाय, दुसरा पाय, आणि असं म्हणतात की तिच्या पायांखाली खाडीचा गाळ आपोआप थराथरानं वर यायला लागला. थर चढत गेले आणि ती खाली जात राहिली. छातीपर्यंत माती आली, गळ्यापर्यंत आली. गाणं थांबलं तेव्हा बांध सलग झाला होता, त्यावर ओल्या मातीत दोन रुंद तळव्यांचे ठसे होते आणि खाडी मागं सरायला लागली होती.

बांधाबायला गाव आता बांधाई म्हणतं आणि सांगतं, बांधाई गावासाठी गेली. सोनाय म्हातारपणी सांगायची, "गावासाठी नाय गो. ती आपल्या माणसाकडं गेली. पोरीची ओटी बापाला दाखवायला गेली."

त्यानंतर दांडखारचा बांध आजतागायत फुटलेला नाही. त्या जागी आता शेंदूर लावलेली एक शिळा आहे. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरची बाई बांधाईच्या ओटीत मूठभर तांदूळ घालते. कोपरपाड्याची माणसंही होड्यांतून येतात. मग बायका ओळीनं उभ्या राहून बांध तुडवतात आणि ते गाणं म्हणतात. पाटलांच्या घराण्याला पहिल्या मुठीचा मान आहे. 'बांधाई आमच्या गावची लेक,' असं सगळे अभिमानानं सांगतात.

आता बांधाच्या कडेला कोळंबीचे तलाव झाले आहेत. तिथं काम करायला लांबून लांबून माणसं येतात आणि निळं प्लास्टिक टाकून बांधावरच राहतात, कारण बांध अजूनही कुणाच्या हद्दीत नाही. ओटीच्या दिवशी मिरवणूक जायची असते, म्हणून त्यांना झोपड्या एक दिवसापुरत्या काढायला लावतात.

एका वर्षी त्यांच्यातली एक बाई भांडीकुंडी उचलता उचलता थांबली. कडेवर मूल होतं. ती गावच्या बायकांबरोबर ते गाणं म्हणायला लागली, आणि तिचे शब्द गावापेक्षा स्वच्छ होते. एका म्हातारीनं चकित होऊन विचारलं, "तुला गो कसं येतं? काय हाय याचा अर्थ?"

बाईनं तिला येत होती तेवढ्या मराठीत सांगितलं, "दाबा, दाबा माती. घर आपलं नाही. पाऊल आपलं."

बायकांचे पाय थांबले. मग पुढून कुणीतरी हाक दिली, "चला, उशीर होतोय," आणि म्हातारीनं तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, वरून, हात लागणार नाही असा. "घे परसाद," ती म्हणाली, "आणि जरा बाजूला हो, बाय. बांधाईची ओटी जायची हाय."

तेव्हापासून दांडखारच्या बायका ते गाणं जरा खालच्या आवाजात म्हणतात. झोपड्या मात्र दर वर्षी काढायला लावतात.